पटावरची संध्याकाळ

नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या नागपुरातल्या बागेत बुद्धिबळाला भलताच रंग चढला आहे. आम्ही निवृत्त मंडळी संध्याकाळी पट मांडतो. घड्याळ नाही, मानांकनाची चिंता नाही. घोडा राजाला शह देता देता वजिरावरही डोळा रोखतो, तेव्हा बघ्यांतून "गेला वजीर!" अशी आरोळी उठते. हरणाराही मनापासून दाद देतो, हे मला फार मोलाचं वाटतं. हल्ली शाळकरी पोरंही येऊन बसतात. सिसिलियन बचाव या काळ्या मोहऱ्यांच्या सुरुवातीच्या चालींतले बारकावे आम्ही त्यांच्याकडूनच शिकतो. महापालिकेने बागांमध्ये पट कोरलेले दगडी कट्टे बांधावेत, ही विनंती.

— एक निवृत्त वाचक, नागपूर