हवाईचं राज्य कसं गेलं

सातारा

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. व्याख्यानमालेसाठी तू हवाईचा विषय घेतलास याचा फार आनंद झाला. १६२ अमेरिकन माणसं बोटीतून उतरली आणि दुसऱ्या दिवशी राज्य गेलं, हे कसं झालं, असं तू विचारलंस. राज्य १८९३ साली गेलं खरं, पण ते पोखरलं गेलं होतं १८८७ सालीच. म्हणून सुरुवात तिथून कर.

त्याआधी थोडं साखरेबद्दल. १८५० च्या कायद्याने परदेशी माणसाला तिथे जमीन विकत घेता येऊ लागली. १८७५ च्या कराराने हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली. पंधरा वर्षांत निर्यात सुमारे अडीच कोटी पौंडांवरून पंचवीस कोटींवर गेली. पीक एक आणि गिऱ्हाईकही एक, त्यामुळे वॉशिंग्टनला जकात बदलली की होनोलुलूत धंदा हलायचा.

जुलै १८८७ मध्ये होनोलुलूचा वकील लॉरिन थर्स्टन आणि त्याच्या मंडळींनी गोऱ्यांच्या बंदूकधारी पलटणीच्या जोरावर राजा कालाकाउआकडून नव्या राज्यघटनेवर सही घेतली. लोक तिला संगिनींची राज्यघटना म्हणतात. तिची कलमं श्रोत्यांना नीट समजावून सांग. मंत्र्याला काढण्याचा राजाचा अधिकार गेला, तो विधिमंडळाकडे आला. वरिष्ठ सभागृहासाठी मत द्यायला ३,००० डॉलरची मालमत्ता किंवा वर्षाला ६०० डॉलर उत्पन्न असावं लागे. बहुतेक मूळ हवाईयन माणसं या अटीने बाहेर पडली. चिनी आणि जपानी लोकांना तर मतच नव्हतं. उलट अमेरिकन आणि युरोपियन रहिवाशांना हवाईची प्रजा न होताही मत मिळालं.

पुढे १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने अमेरिकेने सगळ्याच देशांच्या कच्च्या साखरेवरची जकात उठवली आणि स्वतःच्या साखरेला पौंडामागे दोन सेंट अनुदान दिलं. हवाईची सवलत एका फटक्यात निकामी झाली. बेटं अमेरिकेत गेली तर अनुदान मिळेल, हा विचार तिथून जोर धरू लागला. पण सगळे मळेवाले त्या बाजूचे होते असं मात्र म्हणू नकोस. कराराने बांधलेले मजूर आणायला अमेरिकेत बंदी होती आणि मळे त्याच मजुरांवर चालत. सर्वांत मोठा साखरसम्राट क्लॉस स्प्रेकेल्स विलीनीकरणाच्या विरोधात होता. राज्य उलथवण्याच्या कटाच्या मुळाशी साखर होती, पण तो चालवला मुख्यतः होनोलुलूच्या वकील-व्यापाऱ्यांनी.

आता जानेवारी १८९३. १४ तारखेला कालाकाउआनंतर गादीवर आलेल्या त्याच्या बहिणीने, राणी लिलिउओकलानीने, नवी घटना लागू करायचं ठरवलं. मंत्री कचरले, म्हणून तिने ती पुढे ढकलली. १६ तारखेच्या सकाळी तर तिने जाहीरच केलं की बदल होईल तो चालू घटनेतल्या मार्गानेच. म्हणजे सैन्य उतरण्याआधीच निमित्त संपलं होतं. तरी थर्स्टनच्या गटातल्या तेरा जणांच्या 'सुरक्षा समिती'ने हवाईतले अमेरिकेचे राजदूत जॉन स्टीव्हन्स यांच्याकडे संरक्षण मागितलं. नंतर समितीलाच वाटलं की आपली तयारी नाही, थोडं थांबावं. पण स्टीव्हन्स थांबले नाहीत. संध्याकाळी 'बॉस्टन' या अमेरिकन युद्धनौकेवरून माणसं उतरली, सोबत तोफा, दुहेरी काडतूसपट्टे आणि जखमींसाठी स्ट्रेचरही.

इथे फळ्यावर नकाशा काढ. अमेरिकन लोकांची घरं आणि दुकानं राखायची होती, तर तुकडी त्यांच्याजवळ ठेवायची. ती ठेवली अ‍ॅरियन हॉलमध्ये, सरकारी इमारतीला खेटून आणि राजवाड्यासमोर. पुढे अमेरिकेच्याच अ‍ॅडमिरल स्केरेट यांनी म्हटलं की अमेरिकन मालमत्तेच्या रक्षणासाठी ही जागा अयोग्य होती. मला हा पुरावा सर्वांत भारी वाटतो.

१७ तारखेला दुपारी समितीने सरकारी इमारतीत जाहीरनामा वाचला. न्यायाधीश सॅनफर्ड डोल नव्या सरकारचे प्रमुख झाले. राणीकडे निदान ५०० सशस्त्र माणसं होती. पोलीस ठाणं आणि बराकही तिच्याच ताब्यात. तरी स्टीव्हन्स यांनी नव्या सरकारला मान्यता देऊन टाकली. लढायचं म्हणजे अमेरिकेशी लढायचं. म्हणून राणीने लिहून दिलं की मी अमेरिकेच्या वरचढ बळापुढे नमते आहे. मुद्दाम तिने सत्ता डोलकडे नव्हे, अमेरिकेकडे सोपवली, म्हणजे चौकशी होऊन ती परत मिळेल. चौकशी झालीही. चौकशीला पाठवलेल्या ब्लाउंट यांच्या अहवालानंतर अमेरिकेचे अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी अन्याय मान्य केला. पण डोल हटले नाहीत आणि काँग्रेसने राणीला परत बसवलं नाही.

आपल्या रंगो बापूजींची तुला आठवण येईलच. सातारच्या छत्रपतींसाठी ते लंडनमध्ये वर्षानुवर्षे झटले. तसेच हवाईयनही झटले. १८९७ मध्ये त्यांनी विलीनीकरणाविरुद्ध २१,२६९ सह्या गोळा केल्या, तेव्हा मूळ लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास होती. चार प्रतिनिधी ते अर्ज घेऊन वॉशिंग्टनला गेले आणि विलीनीकरणाच्या तहाला लागणारी दोन-तृतीयांश मतं सिनेटमध्ये जमली नाहीत. हा त्यांचा खरा विजय होता, तो व्याख्यानात गाळू नकोस. मग स्पेनशी युद्ध सुरू झालं आणि जुलै १८९८ मध्ये तहाऐवजी संयुक्त ठराव आणला गेला. त्याला साधं बहुमत पुरतं. सुमारे १८ लाख एकर राजगादीची आणि सरकारी जमीन मोबदल्याशिवाय अमेरिकेकडे गेली. १९९३ साली काँग्रेसने माफी मागितली, पण त्या ठरावाने जमीन परत केलेली नाही.

व्याख्यानाची टिपणं झाली की पाठव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत