लेकीचे पैसे घरात चालतात, मग हिशोबात का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत नोकरीला लागूनही आईवडिलांकडेच राहणाऱ्या मुलामुलींवर लेख आला होता, तो वाचून हे पत्र लिहितेय. लेखात सगळा भर एकाच गोष्टीवर होता, की ही पिढी घरी आयतं जेवते, भाडं नाही, डबा आईचा, आणि पगार जातो मोबाईल आणि फिरण्यात. अशी मुलं असतील, नाही म्हणत नाही. पण आमच्या बिल्डिंगमध्ये आणि ट्रेनच्या ग्रुपमध्ये ज्या मुली मी बघते त्यांचं गाऱ्हाणं बरोबर उलटं आहे, की आम्ही द्यायला तयार आहोत पण घरात आमचे पैसे उघडपणे घ्यायला कोणी तयार नाही, आणि घेतले तरी ते घेतले असं म्हणायला तयार नाही.

मी डोंबिवली पूर्वेला राहते, बीकॉम झाले, अंधेरीला चकाल्याला एका ऑफिसमध्ये अकाउंट्स बघते. डोंबिवली ते घाटकोपर लोकल, पुढे मेट्रो. ऑफिसजवळ पीजी घ्यायचा विचार केला होता, पण दोघी-तिघींनी मिळून एक खोली घेतली तरी भाडं आणि जेवण मिळून पगाराचा निम्मा भाग जातो, आणि मग घरी काय देणार? म्हणून घरीच राहते. हातात एकतीस हजारांच्या आसपास येतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलमधून माणसं पडून मेली तेव्हापासून आई रोज सकाळी 'पोचलीस का' मेसेज करते आणि मी उत्तर देईपर्यंत कामाला हात लावत नाही, त्यामुळे घरी राहणं म्हणजे नुसता आराम असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सकाळी ८ ची फास्ट पकडून बघावी.

पण मला लिहायचंय ते पैशाबद्दल. बाबा अंबरनाथ एमआयडीसीत लेथ मशीनवर होते, २०१९ ला ५८ पूर्ण झाल्यावर रिटायर झाले. घरात आमचा सगळ्यांचा समज असा की बाबांना पेन्शन आहे, म्हणजे आईबाबांचं भागतं, आणि बाबाही तसंच बोलायचे, "माझी पेन्शन आहे, तू तुझं बघ". किती आहे ते कधी सांगितलं नाही, मी विचारलं तर विषय बदलायचे. मग हयातीच्या दाखल्याची वेळ आली, म्हणजे पेन्शनर जिवंत आहे हे दरवर्षी दाखवायचं असतं ते. सायबर कॅफेवाल्याच्या मशीनवर बाबांचे ठसे उमटेनात, इतकी वर्षं लोखंड हाताळून बोटांच्या रेषाच गेल्यात, अंगठा झाला, तर्जनी झाली, दुसरा हात झाला, तो मुलगा प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने काच पुसतोय आणि मागे रांग वाढतेय. बाबा वैतागून घरी आले. तेव्हा मी मोबाईलवर जीवन प्रमाण ॲप आणि आधारचं चेहऱ्यावरून ओळख पटवणारं फेस आरडी ॲप घेतलं, खिडकीजवळ उजेडात त्यांना बसवलं, चष्मा काढायला लावला, डोळे मिटून उघडा म्हटलं, झालं काम. पण पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर हवा म्हणून बाबांनी पासबुकांची पिशवी माझ्या हातात दिली आणि त्यात पेन्शनचं पासबुक उघडलं तर दर महिन्याला एकच आकडा, अठ्ठावीसशे आणि वर काही रुपये.

मी अकाउंट्सवाली आहे म्हणून नंतर बसून हिशोब लावून बघितला, बरोबर तेवढेच येतात. ईपीएस-९५ म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या नोकरदारांची १९९५ ची पेन्शन योजना, तिचा फॉर्म्युला असा की पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. आणि पगार म्हणजे खरा पगार नाही, त्याला मर्यादा, आता १५ हजार आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना साडेसहा हजार. बाबांची बहुतेक नोकरी त्या साडेसहा हजारातच गेली. त्यावर महागाई भत्ता नाही, २०१९ ला जे बसलं तेच आजही. कमीत कमी पेन्शन २०१४ पासून १ हजार रुपये आहे, ती साडेसात हजार करा म्हणून पेन्शनर मंडळी किती वर्षं मागणी करतायत, बुलढाण्यात साखळी उपोषणाला बसली, तुमच्याच पेपरात बातम्या येतात. त्या बातम्या मी दुसऱ्यांच्या म्हणून वाचत होते. आणि माझ्याही नावावर कंपनीकडून महिन्याला १,२५० रुपये याच योजनेत जातात, पेस्लिपवर बेसिक १५ हजारच दाखवलंय.

आता घरात खर्च कोण करतं ते बघा. महावितरणचं बिल मी फोनवरून भरते, गॅस माझ्या नंबरवरून बुक होतो, सोसायटीचा मेंटेनन्स मी ऑनलाइन टाकते पण पावती बाबांच्या नावाने. किराणा अर्धा मी येता-येता आणते. हे सगळं चालतं कारण यात हातात हात देऊन पैसे द्यावे लागत नाहीत. पण १ तारखेला मी आईच्या हातात पाच हजार ठेवले की ती ते परत माझ्या पर्समध्ये टाकते, नाहीतर घेते आणि सोनाराकडच्या मासिक स्कीममध्ये माझ्याच नावाने भरते, लग्नात होतील म्हणून. तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेलाय, आणि स्वतःच्या गुडघ्याचा एक्सरे "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून ढकलते. मी चिडले तर म्हणते, "लेकीच्या पैशावर जगायचं का गं आम्ही, लोक काय म्हणतील". लोक म्हणतातही. आमच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात उभ्या राहून सांगतात की आम्ही मुलीच्या पगाराला हात लावत नाही हो, आणि हे त्या अभिमानाने सांगतात. त्यांच्या मुलाचा पगार सगळा घरात येतो, त्याबद्दल कोणी जिन्यात बोलत नाही.

माझा राग आईवर नाही. तिच्या आईने तिला हेच शिकवलं, की मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये. पण कायदा केव्हाच पुढे गेलाय आणि तोही आमच्या शेजारच्या कल्याणमधूनच. १९८७ ला सुप्रीम कोर्टाने ज्या केसमध्ये लग्न झालेल्या मुलीवरही वडिलांना सांभाळायची जबाबदारी आहे असं सांगितलं, ती मुलगी कल्याणला डॉक्टर होती. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही आईवडिलांचा खर्च मुलगा आणि मुलगी दोघांकडून मागता येतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला बरोबरीचा वाटा महाराष्ट्राने १९९४ लाच दिला, देशाने २००५ ला. म्हणजे कागदावर वाटाही आहे आणि जबाबदारीही आहे, मग घरात पैसे देताना मी पाहुणी कशी काय होते?

लग्नाचं बोलणं निघालं की हे जास्तच टोचतं. मागे एक स्थळ आलं होतं, मंडळी चांगली होती, पोहे झाले, मुलाने विचारलं पुढे नोकरी करणार ना, मी हो म्हटलं आणि सरळ सांगितलं की लग्नानंतरही दर महिन्याला ठराविक रक्कम आईबाबांना देणार, आत्तापासून बोललेलं बरं. एकदम शांतता. मुलाची आई म्हणाली, "ते काय, बघू की नंतर". ते लोक गेल्यावर बाबा मला म्हणाले असं बोलायचं नसतं, आमच्यामुळे तुझं अडायला नको. मला त्या लोकांच्या शांततेपेक्षा बाबांचं हे वाक्य जास्त लागलं. आमच्या ऑफिसच्या मेडिकल पॉलिसीत आईवडील किंवा सासूसासरे, दोघांपैकी एकच जोडी घालता येते, आज आईबाबा आहेत, लग्न झालं की एचआरकडून फॉर्म येणार आणि त्या एका चौकोनात माझ्या आईबाबांचं नाव खोडलं जाणार अशी भीती मला आत्तापासून आहे. साठीनंतर नवीन पॉलिसीचा हप्ता किती येतो ते मी काढून बघितलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, ते बरं झालं, तरी आकडा छोटा नाही.

म्हणून मला लेख लिहिणाऱ्यांना सांगायचंय की मुलं घरी राहतात का बाहेर राहतात हा प्रश्न वरवरचा आहे. एका घरात तीन मोठी माणसं राहतात, तिघांचा पैसा एकमेकांत मिसळलाय, आणि तिघांपैकी कोणालाच पूर्ण हिशोब माहीत नाही, हे धोक्याचं आहे. बाबांच्या एफडी कुठे आहेत, नॉमिनी कोण आहे, पीएफमधून फ्लॅटचं कर्ज फेडल्यावर किती उरलं, आईच्या नावाने काय आहे, हे मुलीला दवाखान्यात धावपळ करताना कळू नये. आणि माझ्यावर काय कर्ज आहे, मी म्युच्युअल फंडात कुठे एसआयपी टाकते, हे त्यांनाही माहीत पाहिजे, एकतर्फी नको. आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंटचं चाललंय, बाबा मीटिंगला जातात, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम किती, भाडं किती महिन्यांचं मिळणार, यावर चर्चा होते, आणि मी येते म्हटलं की उत्तर ठरलेलं, तू कशाला, तू उद्या जाणार. पण रिकामं घर करून भाड्याच्या घरात जायची वेळ आली की डिपॉझिट भरायला मीच असणार आहे.

पासबुक बघितल्यावर मी आईबाबांना एका वहीत सगळं लिहून काढायला बसवलं, आई पहिल्यांदा उठूनच गेली, मग चहा घेऊन परत आली आणि स्वतःच्या भिशीचा आकडा सांगितला जो बाबांनाही माहीत नव्हता. आता दोघांच्या खात्यात माझं नाव जोडायचं ठरलंय. पण मी देते ते पैसे सोनाराकडे न जाता गुडघ्याच्या डॉक्टरकडे जावेत यावर अजून वाद चालू आहे.

संपादक साहेब, तुमच्याकडे एक मागणी आहे. पुरवणीत पुढच्या वेळी मुलं आळशी का कष्टाळू यावर न लिहिता अर्धं पान कामाच्या गोष्टींना द्या. घरबसल्या चेहरा दाखवून हयातीचा दाखला कसा काढायचा, ईपीएस पेन्शन कशी मोजतात, जॉइंट खात्यात आणि नॉमिनीत फरक काय, आणि लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचा विमा चालू ठेवायचा तर काय करावं. हे सोप्या मराठीत आणि मोठ्या अक्षरात छापा, कारण ते बाबांना वाचायचंय, आणि मोबाईलवर पाठवलेलं ते वाचत नाहीत, पेपरात आलेलं मात्र वाचतात.

आपली एक वाचक,
डोंबिवली पूर्व