वहाळाकडचा गडगा

कोर्निल्या, इटली
9 ऑक्टोबर 2025

प्रिय सुमे,

तुझा फोन आला तेव्हा मी मिलानच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत उभी होते. वहाळाकडचा दगडी गडगा पंधरा-सोळा हात कोसळला, वरच्या कुणग्यातली माती खालच्या भातात गेली, आणि आता भावोजी म्हणतायत की सिमेंटची भिंत घालून एकदाचं मोकळं होऊ. "तुला काय वाटतं गं?" असं विचारलंस. त्या गोंगाटात मी काहीतरी उत्तर दिलं आणि फोन ठेवला. पण गेले चार दिवस तुझा तो प्रश्न घेऊनच फिरतेय, कारण मी जिथे आलेय तिथे डोंगरभर गडगेच गडगे आहेत.

लेकीचे वर्ग सुरू झाले. दिवसभर तिच्या खोलीत बसून काय करायचं, म्हणून एकटीच निघाले. ला स्पेत्सिया बंदराच्या थोडं अलीकडे डोंगराच्या कुशीत पाच गावं आहेत. मोन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. सगळ्यांना मिळून चिंक्वे तेर्रे म्हणतात. पाचही गावांची वस्ती एकत्र केली तर साडेतीन-चार हजार भरेल. गाडी बोगद्यातून बाहेर येते, क्षणभर निळंशार पाणी डोळ्यांत भरतं, की लगेच पुढचा बोगदा. रत्नागिरीच्या आसपास कोकण रेल्वेत बसल्यासारखंच वाटलं मला. फक्त इथे गाडी 1874 पासून धावतेय.

मी कोर्निल्यात उतरलेय. पाचांतलं हे एकच गाव पाण्याला लागून नाही, शंभरेक मीटर उंच कड्यावर बसलंय. स्टेशन खाली, गाव वर, आणि मधे विटांच्या 382 पायऱ्यांची वळणावळणाची पाखाडी. गावातल्या गल्ल्यांनाही मला पाखाडी हाच शब्द सुचतो. समोरून कुणी आलं की एकाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. माझी घरमालकीण सत्तरीची आहे. रोज सकाळी दार उघडते, पायरी धुते आणि कुंडीतल्या रोपाला पाणी घालते. पहिल्या दिवशी मी पान चुरडून वास घेतला. सब्जा! उन्हाळ्यात आपण ज्याचं बी भिजवतो ना, तेच झाड. इथे त्याला बाझिलिको म्हणतात आणि पानं संगमरवरी खलात लसूण, चिलगोजासारखी पाइनची बी, जाडं मीठ, चीज आणि ऑलिव्हचं तेल घालून लाकडी बत्त्याने वाटतात. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि बत्ता हातात दिला. मी आपली ठेचा कुटते तशी कुटायला लागले. तिने माझं मनगट धरलं आणि दाखवलं की आपटायचं नाही, कडेकडेने गोल फिरवत चिरडायचं. पानं काळी पडत नाहीत मग.

आता डोंगराचं सांगते. हा डोंगर म्हणजे सरळ समुद्रात उतरलेली भिंत. सपाट जमीन टीचभरही नाही. हजारेक वर्षांपूर्वीपासून इथल्या लोकांनी झाडी तोडली, दगड फोडला, त्याच दगडाचे गडगे रचले आणि मागे माती भरून हातरुंद पट्टे काढले. एकावर एक, पाण्याच्या काठापासून माथ्यापर्यंत. कुठेही चुना नाही, सिमेंट नाही. सगळ्या भिंतींची लांबी हजारो किलोमीटर भरते असं म्हणतात, आणि वर उभं राहून खाली बघितलं की ते खरं वाटतं. 1997 साली युनेस्कोने हा किनारा जागतिक वारशात घेतला तो माणसाच्या हाताने घडलेला मुलूख म्हणून. आणि सुमे, 2018 मध्ये नुसते दगड रचून भिंत घालण्याची कलासुद्धा त्यांच्या यादीत गेली, इटलीसकट आठ देशांची मिळून. तुझे आजोबा आणि माझे दादा पावसाळ्याच्या तोंडावर कंबर मोडेस्तोवर जे करायचे, ती ही कला.

पट्ट्यांवर द्राक्षं असतात. आपल्या नाशिकसारखा डोक्यावरचा मांडव नाही. समुद्राचा वारा फार, म्हणून मांडव कमरेइतका बुटका ठेवतात आणि माणसं त्याखाली वाकून, कधी रांगत द्राक्षं खुडतात. पूर्वी टोपल्या डोक्याखांद्यावरून उतरायच्या. आता उभ्या चढावर एकच दातेरी रूळ टाकलाय आणि त्यावरून पेट्या लादलेली छोटीशी गाडी चढते-उतरते. मी तिचा आवाज आधी ऐकला, पंपाच्या इंजिनासारखा, आणि मग वेलींमधून ती वर येताना दिसली.

परवा कोर्निल्याहून मानारोलाला चालत गेले. खालची समुद्राकाठची वाट दरड कोसळल्यामुळे बंद आहे, म्हणून वरून वोलास्त्रा नावाच्या वाडीवरून जावं लागतं. तीनशे मीटरच्या वर चढ आहे, पण वाट थेट मळ्यांतून जाते. एका बाजूला वेल, दुसऱ्या बाजूला रिकामी हवा आणि खूप खाली समुद्र. वाट इतकी अरुंद की फोटो काढताना मी दर वेळी आधी बूड टेकत होते. साध्या चपला घालून या वाटांवर यायला मनाईच आहे, आणि ते योग्यच आहे.

वोलास्त्राच्या अलीकडे एक म्हातारे गडगा घालत होते. पाचेक हात भिंत पडलेली, आणि त्यांनी दगडांचे तीन ढीग केले होते. मोठे एकीकडे, मधले एकीकडे, आणि मुठीएवढे नि त्याहून बारीक तिसरीकडे. मी थांबले. मला चार शब्द इटालियन येतं, त्यांना इंग्रजी नाही. पण ते दगड उचलत, उलटासुलटा करून त्याचं तोंड शोधत, थरावर ठेवत, तळव्याने दाबून डुगडुगतोय का बघत. डुगडुगला की काढून पुन्हा फिरवत. दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा, म्हणजे आपली सांधेमोडच. शेवटी उरलेल्या फटीत चीप घालून हातोडीचे दोनच ठोके. मी खाली बसून ढिगातून एक चीप उचलून पुढे केली. त्यांनी बघितली, फटीला लावली, बसली! मग पाऊण तास मी चिपा निवडून देत होते आणि ते घेत होते. दादांच्या शेजारी बसून हेच करायचे मी, आठवतं ना? तू तिकडून ओरडायचीस, "विंचू असेल गं त्यात!"

भिंतीच्या तोंडाचे दगड दोन हात वर आले की ते मागे बारीक दगडांचा भराव घालत, आणि त्याच्या मागे माती. मी बोट दाखवून विचारलं, हे कशाला? त्यांनी आपली पाण्याची बाटली घेतली आणि वरच्या मातीत ओतली. थोड्या वेळाने भिंतीच्या तळाशी सांध्यांतून पाणी झिरपून बाहेर आलं. माती जागेवर. मग त्यांनी जरा पलीकडची एक भिंत दाखवली. तिच्या फटी कुणीतरी सिमेंटने लिंपल्या होत्या आणि ती मधोमध फुगून पुढे आली होती. त्यांनी स्वतःच्या पोटावरून हात गोल फिरवला आणि म्हणाले, "पांचा." पांचा म्हणजे पोट. इथेही भिंतीला पोटच सुटतं, सुमे.

हे वाचून भावोजींना सांग. सिमेंटची भिंत वाईट असते असं नाही. पण आपल्या वहाळावर जुलैत जे पाणी येतं त्याला बाहेर पडायला वाट लागते. नुसत्या दगडांची भिंत ती सांध्यासांध्यातून देते. सिमेंटच्या भिंतीला नीट भोकं ठेवली नाहीत, मागे दगडांचा भराव घातला नाही, तर पाणी मागे तुंबतं आणि सगळा भार भिंतीवर येतो. गडगा पडतो तेव्हा दोन-चार हात पडतो आणि त्याच दगडांनी पुन्हा उभा राहतो. ती भिंत गेली तर आख्खी जाईल, आणि तिचे तुकडे कशाच्या कामाचे नसतील.

वेर्नात्साला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. तसं गाव फार देखणं. होड्यांचं छोटं बंदर, पाण्याला अगदी चिकटून चर्च, वर जुना बुरूज. गावाचा मुख्य रस्ता वरून खाली थेट बंदरात उतरतो, आणि त्या रस्त्याच्या पोटात पाण्याचा एक पऱ्या आहे, वरून झाकून टाकलेला. 25 ऑक्टोबर 2011 ला दुपारी काही तासांत असा पाऊस झाला की डोंगर सुटला. चिखल, दगड, झाडं, गाड्या या रस्त्याने खाली आल्या. तळमजले बुडाले, दुकानं छतापर्यंत भरली. वेर्नात्सात तीन माणसं गेली आणि मोन्तेरोस्सोत एक. नंतर अभ्यास झाले त्यांत दिसलं की पाऊस तर होताच, पण शेती सोडून दिलेल्या, गडगे ढासळलेल्या पट्ट्यांवरून खूप माती सुटली. एका दुकानात त्या दिवसांचे फोटो लावलेत. मी त्यांच्यासमोर उभी होते आणि मला 2021 च्या जुलैतलं चिपळूण दिसत होतं, घराघरांतून फावड्याने चिखल ओढणारी माणसं. तो वास तुला ठाऊक आहे, आपण दोघी तिथे होतो.

पट्टे सोडले कुणी आणि का, हेही ऐक. शेजारी ला स्पेत्सियाला 1860 नंतर नौदलाची मोठी गोदी उभी राहिली. रेल्वे आली. महिन्याचा पगार मिळू लागल्यावर पुरुष पहाटेच्या गाडीने तिकडे जाऊ लागले. मळा उरला बायकांकडे आणि म्हाताऱ्यांकडे, रविवारच्या सुट्टीपुरता. पुढच्या पिढीला तोही नको झाला. गिरणी, मनिऑर्डर, चाकरमानी, आणि गावात दोन म्हातारी माणसं. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या मुलांना मी नावं ठेवत नाही. मी तरी काय केलं? बारावी झाली आणि पुण्याला गेले. तू राहिलीस. लोक म्हणाले शिकूनसवरून चिखलात राहिली. इथे त्या ओसाड पट्ट्यांवर वाढलेलं रान बघताना मला सारखं वाटत होतं, आपल्या वाडीचा डोंगर अजून जागेवर आहे तो तुझ्यासारख्या चार घरांमुळे.

बाकी थोडक्यात. मोन्तेरोस्सोला खारवलेल्या आंचोवी खाल्ल्या, मांदेलीची चुलत बहीणच ती. बरणीत मासा आणि मीठ थरावर थर घालून वर वजन ठेवतात. वरून तेल, लिंबू. बाजूला पाव. तुझी फार आठवण आली. तिथेच मोंताले या कवीच्या घरच्यांचं उन्हाळ्यातलं घर आहे. 1975 चं नोबेल मिळालं त्याला. इथल्या लिंबांवर, दुपारी तापलेल्या कुंपणाच्या भिंतीवर त्याने कविता केल्यात. रिओमाज्जोरे ते मानारोला ही 'प्रेमाची वाट' 2012 मध्ये दरड पडून काही प्रवासी जखमी झाल्यावर बंद झाली होती, ती 2024 च्या उन्हाळ्यात उघडली. एक किलोमीटरसुद्धा नाही, पण ती सावरायला जवळजवळ बारा वर्षं गेली.

काल संध्याकाळी घरमालकीण मला माळ्यावर घेऊन गेली. जाळ्यांच्या फळ्यांवर द्राक्षं पसरलेली, खिडक्या उघड्या, ऊन मात्र आत येऊ द्यायचं नाही. सप्टेंबरात खुडलेली ही द्राक्षं नोव्हेंबरपर्यंत अशीच सुकवायची. ती रोज एकेक घड हातात घेऊन बघते, नासका मणी कात्रीने काढते. त्यातून शाक्केत्रा नावाची गोड वाइन होते. शंभर किलो द्राक्षांची जेमतेम पंचवीस-तीस लिटर. पूर्वी ती बारशाला, लग्नाला काढायचे. तिने मला बोटभर पेल्यात दिली. मध, सुकलेला जर्दाळू, आणि शेवटी जिभेवर थोडं मीठ. मला एक कात्री दिली आणि आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत मणी निवडत बसलो. भाषा नव्हती, पण बोलणं अडलं नाही.

दिवाळीत मी नाही, पण तुळशीच्या लग्नाला नक्की पोचते, आणि या वेळी दोन दिवसांसाठी नाही. घरची जबाबदारी लेक आणि तिचे बाबा बघतील. तोवर एकच कर. पडलेला दगड ट्रॉलीत भरून कुणाला देऊ नकोस. भात कापून झालं की गड्यांना सांगून वहाळातले दगड वर काढून ठेव. मोठे वेगळे, मधले वेगळे, चिपा वेगळ्या. दादांची हातोडी आमच्या माळ्यावर, मागच्या तुळईला टांगलेली आहे. दांडा सैल झालाय, तेवढा बसवून घे.

तुझीच,
नली