सत्तावनची तलवार आणि अमेरिकन मूठ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सत्तावनच्या तलवारींवरचा लेख वाचला. सौ. म्हणाली, जाऊ द्या हो. एक दिवस जाऊ दिला. आज सकाळी मात्र राहवले नाही.

आधी फोटो. ‘बंडाच्या काळातील इंग्रज अधिकाऱ्याची तलवार’ म्हणून जी छापली आहे, ती अमेरिकन घोडदळाची, १८६० च्या नमुन्याची. पितळी मूठ, तीन फांद्यांची परज (बोटांचे रक्षण करणारे कडे). नातीने मोबाइलवर मोठे करून दाखवले, तर मुठीजवळ पात्यावर ‘यू. एस.’ अशी अक्षरे ठळक आहेत. अमेरिकेतले यादवी युद्ध सुरू झाले १८६१ साली. तात्या टोप्यांशी लढायला ही तलवार तीन वर्षे आधीच समुद्र ओलांडून आली असल्यास तसा खुलासा छापावा, आमच्या ज्ञानात भर पडेल.

राणीच्या पलटणीतल्या पायदळ अधिकाऱ्याची तलवार असे १८२२ च्या नमुन्याची. मुठीवर चर्चच्या खिडकीसारखी पितळी जाळी, तीत ‘व्ही. आर.’ (म्हणजे व्हिक्टोरिया राणी) ही अक्षरे, पाते साडेबत्तीस इंची. आणि ‘सरकारने पुरवलेली’ हे लेखकमहाशयांनी कुठून आणले? अधिकारी तलवार स्वतःच्या खिशातून घेत. ऐपतदार असला तर लंडनला पॉल मॉलवर विल्किन्सनकडे जाई (हो, तेच दाढीच्या ब्लेडवाले). तिथे १८५४ च्या सुमारास पात्याच्या पाठीवर नंबर घालू लागले; वहीत नंबरासमोर गिऱ्हाइकाचे नाव. बाकीचे पुष्कळ जण गणवेश शिवणाऱ्याच्या दुकानातूनच तलवारही उचलत. शिंप्याकडून चपला घेतल्या तर त्या किती चालतील, तितकीच ती तलवार चाले.

या सगळ्यावर कडी म्हणजे ‘विलायती पोलादापुढे एतद्देशीय तलवारींचा टिकाव लागला नाही’ हे वाक्य. कॅप्टन नोलन नावाचा इंग्रज अधिकारी होता. क्रिमियाच्या युद्धात, बॅलाक्लाव्हाला १८५४ साली घोडदळाच्या त्या आत्मघातकी हल्ल्याचा हुकूम घेऊन गेला आणि सुरुवातीलाच मारला गेला, तोच. त्याआधी तो हिंदुस्थानात होता. निजामाच्या स्वारांनी रोहिल्यांची केलेली कापाकापी ऐकून त्याला वाटले, यांच्याकडे काही खास तलवार असणार. पाहतो तर इंग्रज फौजेनेच मोडीत काढलेली जुनी पाती! स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवली होती, वस्तऱ्यासारखी धार लावली होती आणि लाकडी म्यानात ठेवली होती. लढाईखेरीज ती बाहेर निघत नसत. गोऱ्यांची तीच तलवार लोखंडी म्यानात. कवायतीला उपसा, सलामीला उपसा, पुन्हा खुपसा. प्रत्येक वेळी धार म्यानाच्या तोंडाशी घासणार. वार करायला शिकवता कसे, असे त्याने विचारले, तर शिकवायचे काय, धार असली की कुणाच्याही हातात कापते, असे उत्तर मिळाले. हे सगळे त्याने १८५३ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. आता सांगा, पोलाद कुणाचे आणि टिकाव कुणाचा?

मला हे इतके झोंबायचे कारण घरचे आहे. अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, निजामाच्या त्याच घोडदळाची छावणी होती. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एक तलवार होती. मूठ आपली, वाटीची. पाते मात्र रुंद, टोकाकडे जास्तच रुंद, आणि पाठीवर इंग्रजी अक्षरे. वडील दसऱ्याला पूजेआधी ती मला बोटाने चाचपायला लावत: ओ, एस, बी. पुढचे गंजात गेलेले. बर्मिंगहॅमचा ऑसबॉर्न १७९६ च्या नमुन्याच्या घोडदळी तलवारी बनवी, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

तोवर अक्षरे राहिली नव्हती. गावात शस्त्रप्रदर्शन भरले. कुणाचे ते लिहीत नाही, मंडळी अजून रोज भेटतात. तलवार मागून नेली. शिकलगाराकडे दिली असती तरी त्याने हात आखडून काम केले असते. यांनी स्टीलच्या रेलिंगवाल्याकडून बफिंग मशीनवर घासून घेतली. परत आली ती ताटासारखी लखलखीत. पाठ गुळगुळीत. वर अध्यक्षांनी कौतुकाने सांगितले, “काका, तुमचं ते किडकं लाकडी म्यान टाकून दिलं, हे नवीन घ्या.” नवीन म्हणजे लाल मखमल चिकटवलेले पत्र्याचे. मी चहा पाजून पाठवले त्यांना. दुसरे काय करणार?

म्हणून लेखाच्या शेवटी वाचकांना दिलेला ‘घरातील जुनी शस्त्रे घासूनपुसून चकचकीत ठेवा’ हा सल्ला कृपया मागे घ्यावा. सुती फडके आणि हलका तेलाचा हात, बस्स. वही इंग्रजांकडे राहिली. आपल्याकडे पात्याच्या पाठीवर जे आहे तेवढेच.

हे पत्र कापून छापणार असाल तर मखमलीचा भाग ठेवा, तो अध्यक्षांनी वाचायला हवा. आणि जाता जाता: शब्दकोड्याचे उत्तर सलग दोन रविवार छापलेले नाही. उभे सतरा अजून अडले आहे.

आपला,
एक जुना वाचक, अंबाजोगाई