हवेचं भाडं

कराड,
९ मार्च

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र परवा मिळालं. काकांची जीप विकायची म्हणतोस, हे वाचलं आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. दहावीच्या परीक्षेला काकांनी आपल्याला याच जीपमधून केंद्रावर सोडलं होतं. मागच्या बाकावर धूळ खात आपण सनावळ्या घोकत होतो. काका गेल्यावर तीन पावसाळे ती अंगणात उभी आहे. तू लिहितोस की इंजिन ठणठणीत आहे, चासी शाबूत आहे, नुसता पत्रा खाऱ्या हवेनं खाल्लाय. हरियाणातल्या मंडी डबवालीचा माणूस नवी बॉडी द्यायला तयार आहे आणि गाडं अडलंय फक्त ती इथवर आणायच्या भाड्यावर. भाड्यापायी जीप विकू नकोस, बाळ्या. माझ्या महिंद्रा एमएम ५४० जीपसाठी गेल्या वर्षी मी हेच सगळे उंबरे झिजवलेत. जे कळलं ते सविस्तर लिहितो.

कुरियरवाल्यानं तुला बॉडीच्या किमतीपेक्षा जास्त भाडं सांगितलं, यात त्यानं तुला फसवलेलं नाही. त्यांचा हिशोबच तसा असतो. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि बऱ्याच ठिकाणी त्याला ५०००नं भागायचं. जे येईल तेवढे किलो धरतात. काट्यावरचं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. काही जण ५०००पेक्षा लहान आकड्यानं भागतात, तिथे भाडं आणखी वाढतं, म्हणून तो आकडा आधी विचारायचा. माझ्या बॉनेटचं खोकं १२० बाय ११० बाय २५ भरलं होतं. म्हणजे ६६ किलो. काट्यावर ते १६ किलोसुद्धा नव्हतं. उरलेले पन्नास किलो हवेचे! तुझी अख्खी बॉडी म्हणजे तर पत्र्याचं रिकामं डबडंच, तिच्यात हवेशिवाय आहे काय?

म्हणून पहिलं काम हे कर. डबवालीवाल्याला विचार, बॉडी न जोडता सुट्या पॅनलमध्ये देशील का? फ्लोअर, दोन्ही बाजू, मागचा पत्रा, डॅशबोर्ड एकावर एक रचले, मधे पुठ्ठा घातला आणि खालीवर लाकडी फळ्या आवळल्या, की फार तर घराच्या एका दाराएवढी चपटी चळत होते. मडगार्ड एकात एक बसतात. जोडायला तुमच्या कुडाळात वेल्डर आहेतच, आणि ते काम तुझ्या डोळ्यांसमोर होईल हे वेगळंच. समोरची काच मात्र तिकडून मुळीच मागवू नकोस. जीपची काच सपाट असते, मापाची लॅमिनेटेड काच आपल्याकडेच कापून मिळते.

पॅकिंगवर पैसे वाचवू नकोस, हे मी हात जोडून सांगतो. मी पुढची जाळी नुसत्या गोणपाटात गुंडाळून पाठवायला सांगितली. आली तेव्हा मधोमध वाकलेली होती. ट्रान्सपोर्टवाल्यानं बिल्टीवरचे, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवरचे, ‘ओनर्स रिस्क’ (नुकसान झालं तर मालकाचं) हे दोन शब्द दाखवले आणि हात झटकले. मला फार लागलं ते, कारण ती कंपनीची जुनी, अस्सल जाळी होती. नंतर एका वकील मित्रानं समजावलं. मालवाहतुकीचा २००७चा कायदा आहे. माल पाठवताना जास्त किंमत लिहून दिली नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते, आणि माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. तेव्हा बिल्टी फाडतानाच मालाची खरी किंमत लिहून घे, आणि सोडवताना गोडाऊनमध्येच खोकं उघडून फोटो काढ.

तुला गिअरबॉक्सही हवाय ना? तो या सगळ्यात घालू नकोस. लहान पण जड वस्तूला रेल्वे पार्सलसारखी स्वस्त सोय नाही. माझा गिअरबॉक्स दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनहून गोवा एक्सप्रेसनं मिरजेला आला. तेल पूर्ण काढून टाकायचं, भोकं बुचं मारून बंद करायची, लाकडी पेटी करायची आणि पेटीवर दोन बाजूंनी रंगानं नाव-पत्ता लिहायचा. तुझ्यासाठी मंगला एक्सप्रेस बरी, मडगावपर्यंत बुक करायला सांग. छोट्या स्टेशनवर गाडी जेमतेम थांबते, तिथे जड नग उतरवायचा कुणी? पावती जपून ठेव. आणि माल आला की लगेच सोडव, पडून राहिला की रोजचं शुल्क चढत जातं.

आता बॉडीचं. हे सुचलं तेव्हा पत्र तिथेच टाकून तुला फोन करणार होतो, पण म्हटलं, नीट लिहूनच कळवावं. सध्या मार्च आहे. तुमच्याकडून आंब्याच्या गाड्या वाशी मार्केटला भरून निघायला लागल्या असतील. पेट्या उतरल्या की त्यातल्या कितीतरी गाड्या रिकाम्याच कोकणात परततात! डिझेल तर जळणारच असतं, त्यामुळे परतीला जे भाडं मिळेल ते ड्रायव्हर आनंदानं घेतो. तिकडून पार्ट लोडमध्ये, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच ट्रकमध्ये, माल पनवेलजवळच्या कळंबोलीपर्यंत आण, तिथे ट्रान्सपोर्टची गोडाऊनं शेजारी शेजारी आहेत. कळंबोलीहून वाशी जवळच. तुझ्या गावातला कुणी बागायतदार आंबा पाठवत असेल, तर त्याच्याच ड्रायव्हरशी आधी बोलून ठेव. ओळखीचा ड्रायव्हर चळत सांभाळून आणेल आणि थेट अंगणात उतरवेल. भाडं ठरवताना हमाली कुणाची, हे पहिल्यांदा विचार. तिकडे चढवणं, कळंबोलीत उतरवणं, पुन्हा चढवणं, असे तीन वेळा पैसे लागतात, आणि मी नेमका तिथेच गाफील राहिलो होतो.

कागदांचं थोडक्यात. पक्कं बिल घे. परराज्यातून येणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन काढलेला कागद, लागतं, ते विकणाऱ्यालाच करायला सांग. बॉडीला नंबरची भानगड नाही, पण कुणी सोबत स्वस्तात जुनं इंजिन देतो म्हणाला तर भुलू नकोस. इंजिन नंबर आरसी बुकात असतो, तो बदलायचा तर आरटीओची पायरी चढावी लागते. आणि आपलं इंजिन चांगलंच आहे.

पॅनलची मापं आली की मला कळव, लाकडी चौकटीचा नकाशा काढून पाठवतो. माल कळंबोलीला पोचेल त्या दिवशी मी पहाटेच्या एसटीनं तिथे येतो. तू वाशीहून गाडी घेऊन ये, दोघं मिळून चढवू. परतताना मीही गाडीतच बसेन म्हणतो, काकूंच्या हातची सोलकढी पिऊन वर्षं झाली.

काकूंना नमस्कार. जीपवर ताडपत्री घालून ठेव, आणि स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस लाव.

तुझा,
दादू