शाळेतील संगीताचा वर्ग टिकवण्यासाठी पालक-शिक्षक संघाचे आवाहन

सर्व आजी-माजी पालक, शिक्षकवृंद आणि माजी विद्यार्थी यांस सप्रेम नमस्कार.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आपल्या शाळेचे येत्या सत्राचे अंदाजपत्रक मार्चअखेर मंजूर व्हावयाचे आहे, आणि त्याच्या मसुद्यात संगीत शिक्षिकेच्या मानधनाची ओळच नाही. सहावी ते आठवीच्या दोन्ही संगीत तासिका गणिताच्या जादा वर्गाला द्याव्यात आणि खालच्या वर्गांना ‘वेळ मिळाल्यास प्रार्थना व समूहगीत’ एवढे ठेवावे, असे त्यात सुचवले आहे. मसुदा संघाच्या हाती गेल्या आठवड्यातच आला, त्यामुळे हे पत्र घाईने लिहिले आहे. काही राहून गेले असल्यास सांभाळून घ्यावे.

गणिताशी आमचे वैर नाही. आपल्या गणिताच्या बाई तर या बाबतीत संघाच्या बाजूने उभ्या आहेत, कारण अर्धा आणि पाव म्हणजे काय हे आपल्या मुलांना त्रितालाच्या सोळा मात्रांची दुगुण आणि चौगुण, म्हणजे दुप्पट आणि चौपट लय, टाळीवर म्हणताना लवकर उमगते, असा त्यांचा अनुभव आहे. आमचे दुःख वेगळे आहे. याच ग्वाल्हेरचे गवई वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणे शिकले आणि ती गायकी त्यांनी महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि त्याच परंपरेतल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक व प्रवेशिका या संगीत परीक्षांचे अर्ज आज आपली मुले येथे लष्कर भागात बसून भरतात. येथे गायक कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये वडिलांच्या नावाने संगीत विद्यालय सुरू केले. पुढे १९१८ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी संगीतशास्त्रकार पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय स्थापन केले, पण त्याआधी स्वरलिपी, म्हणजे गाणे लिहून ठेवण्याची पद्धत, शिकून येण्यासाठी येथील गवयांना मुंबईस पाठवले; राजाभैया पूछवाले हे त्यांपैकीच एक. म्हणजे तेव्हा आधी शिक्षक तयार झाले आणि मग शाळा उघडली. आपण शाळा चालू ठेवून शिक्षक कमी करीत आहोत, आणि तेही युनेस्कोने २०२३ मध्ये ‘संगीताचे सर्जनशील शहर’ म्हणून निवडलेल्या गावात.

आपला वर्ग आजवर कोणाच्या जिवावर चालला, हे नव्या पालकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. नावे छापू नयेत अशी या सर्वांची अट आहे, पण जुन्या मंडळींना ती ओळखू येतीलच. वर्गात एकच पेटी होती आणि तिचा भाता दोन ठिकाणी फाटलेला होता, तेव्हा दौलतगंजातील एका आजींनी स्वतःच्या लग्नात माहेरहून आलेला तानपुरा शाळेत आणून ठेवला आणि ‘कोपऱ्यात उभा करून ठेवणार असाल तर परत नेईन’ असे बजावून गेल्या. त्या वर्षभर दर शनिवारी येऊन तो लागला आहे की नाही हे पाहत असत, आणि जवारी (तारांचा झंकार) बिघडलेली दिसली की मुलांसमोरच आम्हाला बोल लावीत. रेल्वेतून निवृत्त झालेले आपले तबल्याचे काका सलग पाच वर्षे, शहरातल्या हजिरा भागातला तानसेन समारोह हा संगीत महोत्सव ज्या थंडीत होतो त्या थंडीतही, सायकलवरून येत राहिले आणि मानधनाचा विषय निघाला की चहा मागून विषय बदलत राहिले. पुण्यात नोकरीला असलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीने पहिल्या पगारातून दुसरी पेटी घेऊन दिली. पावसाळ्यात डग्ग्याची शाई उडाली, तेव्हा पुडी चढवून देणाऱ्या कारागिराने कातड्याचे पैसे घेतले, मजुरीचे घेतले नाहीत. त्याचा नातू आपल्याच चौथीत आहे, हे आम्हाला फार नंतर कळले. या माणसांपुढे हा वर्ग बंद झाल्याचे सांगण्याची वेळ संघावर येऊ नये.

एक खंत लिहिल्याशिवाय राहवत नाही. गेल्या स्नेहसंमेलनात मुलांनी भूप रागातले स्वागतगीत म्हटले, तेव्हा सभागृहात उभे राहायला जागा नव्हती आणि मोबाइल उंच धरणाऱ्या हातांमुळे मागच्यांना मंच दिसत नव्हता. त्यानंतर पंधरा दिवसांनी याच वर्गासाठी बोलावलेल्या सभेला सात पालक आले, त्यांतील तिघे संघाचेच पदाधिकारी. व्यवस्थापनाने तासिका कमी करण्याचा विचार केला तो यामुळेच, कारण संगीत बंद झाल्यास कोणी विचारील असे त्यांना वाटलेच नाही. त्यांना दोष देताना आमची जीभ अडखळते.

म्हणून पैशांआधी आपली उपस्थिती आणि सही हवी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असणे आवश्यक केले आहे. आपल्यासारख्या अनुदानित शाळेत ही समिती केवळ सल्ला देऊ शकते हे खरे, पण लेखी सल्ला इतिवृत्तात राहतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते. त्याच कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असल्यास कलाशिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक असावा असे म्हटले आहे, आणि आपली पटसंख्या त्याहून पुष्कळ जास्त आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही कला व विज्ञान, तसेच अभ्यासक्रम व अभ्यासेतर उपक्रम यांत कठोर भिंत नसावी असे सांगितले आहे. समितीतील पालक सदस्यांनी हे मुद्दे ठरावाच्या रूपाने मांडावेत. इतरांनी आपल्या पाल्याला या वर्गात काय मिळाले ते चार ओळींत, स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावे; छापील नमुन्यावर शंभर सह्या असण्यापेक्षा अशी वीस पत्रे वजनदार ठरतात. शिक्षकांना विनंती अशी की कोणत्या इयत्तेत कोणते अलंकार, राग आणि ताल झाले याची नोंदवही अद्ययावत ठेवावी आणि महिन्यातून एक तास पालकांसमोर घ्यावा. स्नेहसंमेलनाची तयारी म्हणजेच संगीताचा वर्ग, असा समज आपणच होऊ दिला आहे.

आर्थिक बाजू थोडक्यात: मानधन दरमहा ९,००० रुपये, दहा महिन्यांचे ९०,०००. यातील निम्मा भार, म्हणजे ४५,००० रुपये, संघ उचलील असे लेखी कळवण्याचे ठरले आहे. पूर्ण भार उचलला तर व्यवस्थापन ती ओळ कायमचीच विसरेल. वाद्यदुरुस्ती १४,०००, एकूण ५९,०००. जमा २१,०००, बाकी ३८,०००. देणगी शाळेच्या कार्यालयात मधल्या सुट्टीत द्यावी व पावती घ्यावी. २,००० रुपयांवरील रोख देणगीस आयकराची ८०-जी सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम धनादेशाने द्यावी. पत्रे शुक्रवारपर्यंत. सभा येत्या रविवारी सकाळी १० वाजता, शाळेच्या सभागृहात.

आपला नम्र,
चिटणीस, पालक-शिक्षक संघ
लष्कर, ग्वाल्हेर

ता. क. दौलतगंजच्या आजी सभेला येणार आहेत. तानपुरा लावून ठेवण्याची जबाबदारी कोणीतरी आधी घ्यावी.