रविवारच्या वर्गांबद्दल बाबांना

फुनाबाशी, जपान
नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की शिक्षकाने घड्याळाकडे पाहून शिकवू नये, आणि तुम्ही स्वतः चौथीच्या शिष्यवृत्तीचे वर्ग रविवारी शाळेच्या व्हरांड्यात घेतच होता. फोनवर तुमच्याशी वाद घालणे मला बरे वाटले नाही, म्हणून जे सांगायचे होते ते सविस्तर लिहिते आहे. मी रविवारी शिकवायला नकार दिलेला नाही. फुकट आणि तोंडी सांगण्यावरून शिकवायला नकार दिला आहे, आणि त्या दोन गोष्टींत फरक आहे असे मला वाटते.

मी जिथे शिकवते ती सरकारी शाळा नव्हे, इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालवणारी खासगी कंपनी आहे. मुले शाळेतून आणि मोठी माणसे कचेरीतून सुटली की आमच्याकडे गर्दी होते, त्यामुळे शनिवार हा सर्वांत धावपळीचा वार, आणि माझ्या करारात सुटीचे वार म्हणून रविवार व सोमवार लिहिलेले आहेत. उरलेले पाच दिवस रोज आठ तास, म्हणजे आठवड्याला चाळीस. इथल्या १९४७ च्या श्रम मानक कायद्याने घातलेली मर्यादाही नेमकी तेवढीच आहे, त्यामुळे नेहमीचा आठवडा भरल्यावर रविवारी घेतलेला प्रत्येक तास त्या मर्यादेबाहेरचा ठरतो.

हे रविवार मागितले जातात ते मुख्यतः एइकेनसाठी. १९६३ पासून चालत आलेली ही इंग्रजीची परीक्षा वर्षातून तीनदा होते. श्रेणीचा आकडा जितका लहान तितकी परीक्षा अवघड, आणि पहिली श्रेणी सर्वांत अवघड. वरच्या शाळेच्या प्रवेशात तिचा उपयोग होतो म्हणून पालक तिच्या मागे असतात, आणि आता जानेवारीची फेरी समोर असल्यामुळे ‘विशेष सराव वर्ग’ सुरू झाले आहेत. त्यात डिसेंबरमध्ये ख्रिसमसचा कार्यक्रम, आणि एप्रिलमध्ये इथले शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी नव्या मुलांसाठी नमुना तास.

या सगळ्याला ‘या’ असे कोणी स्पष्ट म्हणत नाही. शिक्षकांच्या खोलीत एक तक्ता लागतो, त्यावर जपानी सहकाऱ्यांची नावे आधीच भरलेली असतात, आणि माझ्या नावासमोरची चौकट तेवढी रिकामी. मग व्यवस्थापिका नम्रपणे विचारतात की काही अडचण आहे का. अडचण सांगावी तर ती खासगी असते, आणि नसावी तर येण्याला हरकत काय, असा तो प्रश्न आहे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, कारण त्या स्वतः माझ्याहून जास्त रविवार देतात आणि त्याचे त्यांना काही मिळते असे दिसत नाही. पण एकाने निमूट सोसले म्हणून दुसऱ्याने सोसलेच पाहिजे, हा न्याय मला पटत नाही.

बाबा, तुमच्या व्हरांड्यातल्या मुलांकडून तुम्ही पैसा घेतला नाही, आणि जिल्हा परिषदेनेही घेतला नाही. कोणती मुले बसवायची, किती वाजता सोडायचे, हे तुम्ही ठरवत होता. इथे प्रत्येक सराव वर्गाचे वेगळे शुल्क पालकांकडून घेतले जाते. त्या व्यवहारात फुकट असते ते फक्त माझे श्रम. आणि तुम्हीच मतदार याद्यांच्या कामावरून वैतागून घरी आलात की म्हणायचात, ‘लेखी आदेश दाखवा, मग करतो.’ जुन्या पेन्शनसाठी २०२३ च्या मार्चमध्ये संप झाला, तेव्हा तुम्ही निवृत्त असूनही तहसील कचेरीसमोर जाऊन बसला होता, हे आईने मला मोठ्या कौतुकाने कळवले होते. मी त्याहून फार कमी करते आहे.

मी व्यवस्थापिकांना पत्र दिले आहे. त्यात म्हटले आहे की रविवारी यायचे असेल तर तसे आधी लेखी कळवावे आणि त्याच आठवड्यातला बदली सुटीचा दिवस त्याच कागदावर नमूद करावा. तसे जमत नसेल तर त्या तासांचे नेहमीच्या दरावर पंचवीस टक्के अधिक वेतन द्यावे. काही सहकारी पस्तीस टक्के म्हणतात, परंतु तो दर कायद्याने आठवड्यातून द्यावीच लागणारी एक सुटी गेली तर लागू होतो, आणि माझा सोमवार शाबूत असल्यामुळे मी तो मागितला नाही. हक्क नसलेले मागितले की हक्काचेही हातचे जाते. काम करवून घेतल्यानंतर ‘पुढे कधीतरी सुटी घ्या’ असे सांगितले तरी त्या तासांची वाढीव रक्कम माफ होत नाही, हेही पत्रात लिहिले आहे.

शिवाय एक प्रश्न विचारला आहे, आणि बहुधा तोच त्यांना जास्त टोचला. मर्यादेबाहेर काम करवून घ्यायचे तर कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे कामगारांच्या प्रतिनिधीशी लेखी करार करून तो श्रम निरीक्षण कचेरीत दाखल करावा लागतो, आणि त्या करारानंतरही साधारणपणे महिन्याला ४५ जादा तासांची मर्यादा असते. बहुसंख्य कामगारांची संघटना नसेल तर प्रतिनिधी कामगारांनीच निवडायचा असतो. आमच्या शाखेत असा कोणी निवडल्याचे एकालाही आठवत नाही. ‘मुख्य कार्यालयाला विचारून सांगते’ एवढेच उत्तर आले आहे.

आई, तुला व्हिसाची काळजी आहे. मुदतवाढीच्या वेळी कंपनीची कागदपत्रे लागतात, आणि ती ‘वेळेत मिळायला हवीत ना’ असे मला आडून सुचवलेही गेले. पण माझा इथला निवासाचा दर्जा कामाच्या प्रकाराशी बांधलेला आहे, एका मालकाशी नव्हे; नोकरी बदलली तर चौदा दिवसांत इमिग्रेशनला कळवावे लागते, इतकेच. निरीक्षण कचेरीकडे तक्रार केली म्हणून कामावरून काढणे किंवा त्रास देणे याला कायद्यात मनाई आहे, आणि हा कायदा परदेशी माणसालाही तसाच लागू आहे. कागदावर आहे म्हणून कोणी आकस धरणार नाही असे नाही, हे मलाही समजते. म्हणून रविवारच्या तासांची नोंद, तक्त्याचे फोटो आणि पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेत. थकलेले वेतन तीन वर्षांपर्यंत मागता येते.

महिनाअखेरपर्यंत उत्तर आले नाही तर त्याच कागदांसह निरीक्षण कचेरीत जाईन. तिथे सल्ल्याला पैसे पडत नाहीत. दरम्यान टोकियोतल्या निशिकासाईला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने दुसऱ्या एका शाळेची चौकशी करून ठेवली आहे. माझा करार मार्चअखेर संपतो, तोपर्यंत ती जागा राहिली तर तिथे अर्ज करीन. घरी पाठवायची रक्कम नेहमीच्या तारखेला येईल, त्यात खंड पडणार नाही. आजीला यातले काही सांगू नका. ती उगाच उपास धरील.

बाबा, कराराची मराठीत केलेली प्रत सोबत जोडली आहे. नववे कलम वाचून मला तुमचे मत कळवा.

आपली मुलगी